नसलेल्या मशीनचा पत्ता

आमच्या पतसंस्थेत नऊ माणसं आणि सात कॉम्प्युटर आहेत. सातपैकी तीन कॉम्प्युटर नाहीत.

हे वाक्य मी संचालक मंडळाच्या सभेत जसंच्या तसं बोललो. सभा शांत झाली. चेअरमननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "नाहीत म्हंजे? चोरीला गेले?"

"चोरीला नाही गेले. मुळात नव्हतेच. ते एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात आहेत. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला."

"मग डेड स्टॉक रजिस्टरला चार धरायचे का सात?" व्हाइस चेअरमन.

ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्या ऑडिटरलाही सापडलेलं नाही. तो दरवर्षी पेन्सिलीने सात लिहितो आणि खोडरबर हाताशी ठेवतो.

त्या सभेत मी मागत होतो ते अगदी थोडं होतं. दोन दिवस कामकाज बंद ठेवून ह्या तीन मशीनना नीट पत्ते द्यायचे होते. आयपी ॲड्रेस. त्यावर चेअरमननी जो सवाल केला त्याच्यावर हा सगळा लेख उभा आहे. ते म्हणाले, "जे मशीनच नाही, त्याला पत्ता कशापायी?"

सांगली शाखेचे दोन संचालक समोर बसले होते, म्हणून मी नाटकाचा आधार घेतला. सांगलीच्या माणसाला नाटकातून काहीही पटवता येतं. माझी सासुरवाडी सांगली, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत. मी म्हटलं, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं, तेव्हा काय होतं? सूत्रधार उभा राहून पदं म्हणायचा आणि पात्रं येऊन आपापली सोंगं वठवायची. जागा एकच, पण प्रत्येक पात्राला वाटायचं आपणच राजे. आमचा मोठा कॉम्प्युटर म्हणजे ती जागा. व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्राम म्हणजे सूत्रधार. आणि ही तीन मशीनं म्हणजे पात्रं. प्रत्येकाला वाटतं आपल्याला स्वतःची हार्ड डिस्क आहे, स्वतःची मेमरी आहे, स्वतःचं नेटवर्क कार्ड आहे. मुकुटापासून गदेपर्यंत सगळं भाड्याचं.

"आणि राक्षसपार्टी?" सांगलीचे एक संचालक खुलले.

"विंडोजचं मशीन," मी म्हटलं. बाकीची दोन उबुंटूची आहेत. ती सज्जन पात्रं, निदान तेव्हा तसं वाटत होतं.

हा खटाटोप आम्ही हौसेने केलेला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका, हे सांगलीतलं शेंबडं पोर सांगेल. त्या वर्षी पाणी त्याच्याही कितीतरी वर चढलं. आमच्या शाखेत तळमजल्यावर ठेवलेला सर्व्हर बाहेर काढला तेव्हा त्याच्या पोटात गाळ होता. त्यानंतर ठरलं की सांगलीच्या मशीनची एक जोड साताऱ्यात राहावी आणि साताऱ्याची सांगलीत. व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी एक मोठी फाईल. ती उचलून कुठंही नेता येते. नसलेलं मशीन पुरात भिजत नाही, हा मुद्दा मात्र मंडळाला ताबडतोब पटला.

राहिला पत्ता. आणि पत्ता ह्या विषयात आम्हा सातारकरांचा हात कोणी धरू नये.

घराला नंबर असतो हे आम्हाला घरपट्टीच्या पावतीवरून कळतं. एरवी माझ्या घरी यायचं असेल तर मी सांगतो, "राजवाड्यापाशी उतरा, मोती चौकाकडं चला आणि कुणालाबी विचारा." वारांच्या पेठा आम्हालाही आहेत, पुण्यालाही आहेत. त्यामुळे 'शनिवार पेठ' एवढंच लिहून पुण्यात पत्र टाकलं तर ते पुण्यातच फिरत बसणार. आपलं गाव ओलांडून साताऱ्याला यायचंय हे त्याला कळणार कसं? सातारा रोड म्हणाल, तर तो पुण्यात रस्ता आहे आणि कोरेगाव तालुक्यात चक्क गाव आहे. सांगलीची तऱ्हा वेगळी. तिथे पत्ता सांगतात तो आता नसलेल्या गोष्टींवरून. "ती जुनी वखार होती नव्हं, तिच्या पुढं." आणि फारच अचूक सांगायचं झालं तर, "एकोणीसला पाणी जिथवर आलतं, तिथनं तिसरं घर."

टपालखात्याने ह्यावर इलाज काढला तो १५ ऑगस्ट १९७२ ला. पिन कोड. तो काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, आणि सहा अंकांत सगळा देश बसवणं कवीलाच सुचू शकतं. साताऱ्याच्या वाट्याला ४१५००१ आला, सांगलीला ४१६४१६. सांगलीचा पिन निम्मा सांगितला की पुरतो, उरलेला समोरचा आपला आपण म्हणतो. गंमत अशी की त्याच महिन्याच्या २ तारखेला आयबीएम कंपनीने अमेरिकेत व्हीएम/३७० जाहीर केलं होतं. एका यंत्रात अनेक यंत्रांचा भास निर्माण करायची विद्या तेव्हापासून बाजारात विकत मिळू लागली. नसलेली मशीनं आणि असलेले पत्ते एकाच महिन्यात दुकानात आले. दोघांची गाठ आमच्या पतसंस्थेत पडायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

पहिलं मशीन उभं केलं आणि त्याला पत्ता विचारला. ते म्हणालं, १०.०.२.१५. छान. दुसरं उभं केलं. तेही म्हणालं, १०.०.२.१५. तिसरं विंडोजचं, निदान ते तरी वाकड्यात शिरेल असं वाटलं होतं. १०.०.२.१५. मी तिन्हींचे आकडे कागदावर लिहून काढले आणि कागद चष्मा बदलून पाहिला.

पुढे कळलं की हा व्हर्च्युअलबॉक्सचा रिवाजच आहे. काही न ठरवता मशीन सुरू केलं की ते 'नॅट' पद्धतीने जोडलं जातं आणि त्याला हाच पत्ता मिळतो. साताऱ्यात काय, सिंगापुरात काय. जसा प्रत्येक गावाच्या वेशीवर मारुती, तसा प्रत्येक व्हर्च्युअलबॉक्समध्ये १०.०.२.१५. तिघं एकाच पत्त्यावर राहूनही भांडण नाही, कारण तिघांना एकमेकांची खबरच नाही. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत कोंडलेलं.

नॅट म्हणजे आपल्या पत्रावरचं 'मार्फत'. वसतिगृहातला मुलगा घरी पत्र लिहितो, ते रेक्टरच्या नावाने जातं, उत्तर रेक्टरकडे येतं, रेक्टर ते मुलाला देतो. पण बाहेरून कोणी आलं आणि म्हणालं, "अमक्याला भेटायचंय," तर रेक्टर विचारतो, "कोण अमका?" आमच्या काऊंटरवरचे कॉम्प्युटर सर्व्हरला भेटायला गेले, त्यांना हेच उत्तर मिळालं.

म्हणून 'ब्रिज्ड' केलं. ब्रिज्ड म्हणजे वेगळी चूल. छप्पर तेच, पण राउटरच्या दप्तरी रेशनकार्ड वेगळं. आता राउटरने स्वतः प्रत्येक मशीनला पत्ता द्यायचा. उबुंटूच्या एका मशीनला मिळाला. विंडोजचं मशीन मात्र १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी भलताच आकडा दाखवू लागलं. लग्नात एखाद्या पाहुण्याला कोणी 'या बसा' म्हणत नाही, मग तो जरा वेळ घुटमळतो आणि आपणच पंगतीच्या टोकाला पाट ओढून बसतो, तसा हा पत्ता. राउटरकडून काहीच आलं नाही की विंडोज स्वतःच स्वतःला १६९.२५४ मधला एक नंबर देतं आणि जेवायची वाट बघतं. वाढपी त्या बाजूला येतच नाही. मी दीड दिवस सेटिंगं बदलली. शेवटी भाऊसाहेबांनी दाखवलं की ज्या नेटवर्क कार्डाशी ते जोडलं होतं त्याची वायर टेबलाखाली लोंबत होती.

भाऊसाहेब आमचे जुने लेखनिक. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, लाल कापडी बांधणीची वही आहे. त्यांनी त्या दिवशी विचारलं, "साहेब, ह्यांचे पत्ते कुठं लिवून ठेवलेत?" मी म्हटलं, लिहायची गरज नाही, राउटर देतो आपोआप. त्यांनी मान हलवली. 'बरं' ह्या अर्थाने नव्हे.

उबुंटूचं दुसरं मशीन मी नव्याने बनवलं नाही. पहिल्याचीच नक्कल काढली. त्यात एक काळजीही घेतली होती. प्रत्येक नेटवर्क कार्डाला जन्मतः एक मॅक नंबर असतो, तो नकलेत नवा पाडून घेतला. आधार कार्ड नवं काढलं म्हणा ना. तरीही राउटरने दोघांना एकच पत्ता दिला. एक चालू केलं की दुसरं आंधळं. ह्याच्यामागचं कारण शोधताना माझी एक शिकरण-पोळी वाया गेली. उबुंटू राउटरपुढे उभं राहतं तेव्हा आधार कार्ड दाखवतच नाही. त्याच्या आत मशीन-आयडी नावाची एक जन्मखूण असते, तिच्यावरून बनवलेली ओळख ते सांगतं. नकलेत जन्मखूण जशीच्या तशी उतरली होती. राउटरने खूण पाहिली आणि म्हणाला, अरे तू तर मघाशीच येऊन गेलास, हा घे तुझा नंबर. जुळ्यांतला एक जेवून गेला की दुसऱ्याला आचारी पंगतीतून उठवतो, त्यातली गत. जन्मखूण पुसून नवी काढली तेव्हा दोघं वेगळे झाले.

एवढं झाल्यावर मी शहाणपण केलं. राउटरच्या भरवशावर राहायचंच नाही, मुख्य सर्व्हरला कायमचा पत्ता आपल्या हाताने लिहून द्यायचा. १९२.१६८.१.२०. उबुंटूत तो नेटप्लॅनच्या फाईलमध्ये लिहावा लागतो, आणि त्या फाईलमध्ये टॅब चालत नाही, स्पेसच लागते, तीही मोजून. एक स्पेस कमी पडली तर फाईल रुसते. सोवळ्यातला स्वयंपाक इतका अवघड नसेल. पण जमलं. शनिवारी संध्याकाळी सगळं सुरळीत चालू करून, सर्व्हर बंद करून मी घरी गेलो.

सोमवारी सकाळी पासबुक छापणं सुरू झालं. अकरा वाजता बंद पडलं. साडेबाराला सुरू झालं. चारला पुन्हा बंद. मंगळवारी तेच. मी वायरी बदलल्या, राउटर झोपवला, उठवला. बुधवारी दुपारी भाऊसाहेब हळूच माझ्या टेबलापाशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, बोलू का नको कळंना. पण चेअरमन आले की पासबुक बंद पडतंय."

मी हसलो. ते हसले नाहीत. लाल वही उघडली. तीन दिवसांच्या नोंदी होत्या. चेअरमन आत : १०-५५. पासबुक बंद : ११. चेअरमन बाहेर : १२-२५. पासबुक चालू : १२-३०. एवढा भक्कम पुरावा मी माझ्या उभ्या नोकरीत कुठल्या लॉगमध्ये पाहिलेला नाही. कॅशियर बाईंनी तर सोमवारीच मिरच्या आणि लिंबू आणून ठेवलं होतं, फक्त ते कोणाच्या खुर्चीला बांधायचं ह्यावर एकमत होत नव्हतं.

घडलं होतं ते असं. आपली मंडळी एसटीत जागा धरतात ती खिडकीतून रुमाल टाकून. मी १.२० वर रुमाल टाकला होता. पण कंडक्टरला, म्हणजे राउटरला, सांगितलंच नव्हतं की ही जागा गेली. त्याच्या तक्त्यात ती रिकामीच. रविवारी चेअरमन वसुलीच्या बैठकीला ऑफिसात आले, सर्व्हर बंद होता, त्यांचा मोबाइल वायफायला जोडला गेला आणि राउटरने त्याला रीतसर २० नंबरची सीट देऊन टाकली. मोबाइलला तीच जागा आवडली. रोज येऊन तो तीच मागायचा.

आता नेटवर्कात एकमेकांना शोधायची पद्धत ऐका. यंत्रांकडे कुठलाही नकाशा नसतो. काऊंटरवरचा कॉम्प्युटर सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, "१९२.१६८.१.२० कोण आहे रे?" ज्याचा असेल तो हात वर करतो. म्हणजे मोती चौकात येऊन कुणालाही विचारणं आणि हे, दोन्हीत तसूभर फरक नाही. ज्या शास्त्राचा मी इतकी वर्षं धाक घेतला ते आमच्या पेठेतलंच निघालं. पण चौकात विचारलं आणि दोघांनी हात वर केले तर? ज्याचा आवाज आधी आला त्याच्याकडे पासबुक जाणार. तीन दिवस आमच्या सभासदांच्या ठेवी चेअरमनांच्या खिशातल्या मोबाइलकडे छापायला जात होत्या. हे मी मंडळाला वेगळ्या शब्दांत सांगितलं.

राउटरला सांगून १ ते ५० हे नंबर वाटपातून बाजूला काढले. भाऊसाहेबांनी त्याच संध्याकाळी वहीत नवं पान पाडलं : 'नसलेल्या मशीनांचे पत्ते'. त्याखाली रेघा मारल्या.

मग सांगली.

साताऱ्याच्या सर्व्हरची जोड सांगलीला न्यायची होती. इंटरनेटवरून पाठवायला घेतली तर मीटर दोन दिवस नऊ टक्क्यांवर. शेवटी डिस्क पिशवीत घातली, तिच्यावर कंदी पेढ्यांचे दोन पुडे ठेवले आणि एसटीत बसलो. कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा, सांगली. सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. येताना रिकाम्या डिस्कबरोबर भडंग आणलं. दोन्ही बाजूंची पॅकेटं सुखरूप पोहोचली, एकही गहाळ नाही. नेटवर्कच्या भाषेत ह्याला विश्वासार्ह जोडणी म्हणतात.

सांगलीत मशीन सुरू झालं आणि पडद्यावर नाव झळकलं : सातारा. अर्थातच. नकलेचं नाव बदलायचं राहिलं होतं. शाखेतला पोरगा जरा नाराज झाला. "सर, सांगलीत बसून सातारा म्हणतंय हे." तिथले जुने सभासद बाकावर बसले होते, ते म्हणाले, "म्हणू दे की. आम्ही बी म्हणतच होतो." खरंच आहे. १९४९ साली साताऱ्याचे दोन जिल्हे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. आजच्या सांगली जिल्ह्याचं नाव १९६० पर्यंत दक्षिण सातारा होतं. अकरा वर्षं सांगली आपल्या घरात बसून दुसऱ्या गावाचं नाव सांगत होती. एका मोठ्या नेटवर्कचे दोन तुकडे करण्याला आमच्यात सबनेटिंग म्हणतात; महसूल खात्याने ते राउटरशिवाय करून दाखवलं होतं. आमच्या मशीनचं नाव त्या दिवशी एका मिनिटात बदललं.

खरी पंचाईत नंतर झाली. दोन्ही कार्यालयं एकमेकांना व्हीपीएनने जोडली. म्हणजे सातारा-सांगली असा एक खासगी बोगदा काढला. मग सांगलीच्या पोराला म्हटलं, साताऱ्याचा सर्व्हर उघड, १९२.१६८.१.२०. त्याने उघडला. फोनवर थोडा वेळ शांतता.

"सर, साताऱ्याचा सर्व्हर म्हणतोय, टोनर कमी आहे."

सांगलीत १.२० हा त्यांचा प्रिंटर होता.

हे समजून घ्यायला माझं लग्न आठवावं लागेल. जगात साध्या पद्धतीचे आयपी पत्ते जेमतेम ४२९ कोटी. त्यांचे शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. हे होणार याची कुणकुण आधीच असल्याने १९९४ साली काही नंबर घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले, १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ त्यांतलेच. ते कोणीही घ्यावेत, कोणाला विचारायचं नाही, फक्त घराबाहेर वापरायचे नाहीत. म्हणजे शाळेच्या दाखल्यावरचं नाव वेगळं आणि घरात हाक मारायचं नाव वेगळं. प्रत्येक घरात एक अण्णा असतो, एक ताई असते, कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन घरं एका मांडवात आली की. माझ्या लग्नात गुरुजींनी "अण्णांना बोलवा" म्हटलं आणि साताऱ्याचे एक, सांगलीचे दोन असे तीन अण्णा उपरणी सावरत बोहल्यापाशी आले. कोणीच मागे जाईना. मुहूर्त चार मिनिटं पुढे सरकला.

दोन्ही कार्यालयांतले राउटर दुकानातून आले तसेच लावलेले, दोन्हीकडे १९२.१६८.१. सांगलीचा कॉम्प्युटर १.२० ऐकला की म्हणतो, हा तर आपल्याच भावकीतला, बोगद्यात कशाला शिरू? आणि आपल्याच खोलीत हाक मारतो. प्रिंटर ओ देतो. भावकी कुठवर धरायची हे ठरवणारा आकडा म्हणजे २५५.२५५.२५५.०. त्याने भावकी ठरवली की यंत्र आयुष्यात बाहेर पाहत नाही. ह्या बाबतीत ते आपल्याहून कडक आहे.

लग्नात काय केलं होतं? 'साताऱ्याचे अण्णा' आणि 'सांगलीचे अण्णा'. इथेही तेच करायचं, एका गावाचे नंबर बदलायचे. कुठल्या गावाचे, ह्यावर मंडळाची सभा पावणेदोन तास चालली. १ नंबर सोडायला कोणी तयार नाही. सांगलीचे संचालक म्हणाले, ठेवी आमच्या जास्त. साताऱ्याचे म्हणाले, गादी आमची. मी छत्तीस प्रकारे सांगून पाहिलं की १ ला काही मान नसतो. तेव्हा भाऊसाहेब चहाचे कप गोळा करता करता म्हणाले, "गाडीचे नंबर द्या की. सांगली धा, सातारा अकरा. बारक्या पोराला बी पाठ आहेत."

सभा गप्प झाली. एमएच १० सांगली, एमएच ११ सातारा. १९२.१६८.१०, १९२.१६८.११. कऱ्हाडला शाखा काढली तर ५०. मी ह्या विषयात दोन सर्टिफिकेटं घेतली आहेत आणि इतकी देखणी पत्तेरचना मला कुठल्या पुस्तकात दिसलेली नाही. पुढच्या रविवारी सगळे नंबर बदलले. मांडव मोकळा झाला, ज्याचे त्याचे अण्णा ज्याच्या त्याच्या बाजूला बसले.

दोन आठवडे छान गेले. मग सांगलीहून फोन.

"सर, मी सांगलीच्याच सर्व्हरला पिंग करतोय, आणि हे रत्नागिरीला चाललंय."

"तू काय टाकलंस ते अक्षरन् अक्षर सांग."

"एकशे ब्याण्णव डॉट एकशे अडुसष्ट डॉट शून्य दहा डॉट शून्य वीस."

पोरगा पतसंस्थेत वाढलेला. खाते क्रमांकापुढे शून्यं लावून रकाना भरायची त्याला सवय. त्याने वहीतले पत्ते सुद्धा तसेच सुबक करून घेतले होते, प्रत्येक कप्प्यात तीन-तीन अंक. पण पिंगसारखे, म्हणजे समोरचं यंत्र ओ देतं का ते पाहणारे, प्रोग्राम शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीत वाचतात. जिथे ७ नंतर लगेच १० येतो. त्या हिशोबात ०१० म्हणजे आपले ८, आणि ०२० म्हणजे १६. पडद्यावर १९२.१६८.८.१६ उमटलं. एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी. मी घाईने साताऱ्याचं करून पाहिलं. ०११ म्हणजे ९. एमएच ०९. कोल्हापूर.

एका शून्याने सांगली घाट उतरून कोकणात गेली आणि साताऱ्याची गादी कोल्हापुरास मिळाली. इतिहासात ह्याच्यासाठी दोन्ही गाद्यांना तह करावे लागले होते. खुद्द कोल्हापूरकर ०९ टाकतील तर यंत्र त्यांना सांगेल की असला आकडाच अस्तित्वात नाही, कारण अष्टमानात ९ हा अंकच नसतो. हे कोल्हापुरात जाऊन सांगायला आमच्याकडे अजून कोणी तयार झालेलं नाही.

८ आणि ९ हे दोन नंबर भाऊसाहेबांनी वहीत लाल शाईने कायमचे रद्द केले आहेत. तिन्ही नसलेली मशीनं सध्या ठीक आहेत. चेअरमन येतात, पासबुक छापलं जातं. आणि दोन्ही कार्यालयांत राउटरच्या वर, घड्याळाखाली एक सूचना चिकटवली आहे, ती वाचकांपैकी ज्यांना लागू होईल त्यांनी आपल्याकडेही लावावी : 'आयपी ॲड्रेस टाकताना आकड्यापुढे शून्य लावू नये. खाते क्रमांकापुढे लावावे. हुकमावरून.'